शिबिर मॅनेजरांचं, सह्या साहेबांच्या

पत्र

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रशिक्षण विभाग सांभाळते. गेल्या वर्षी आम्ही २८ मॅनेजरांसाठी ‘दूरदर्शी नेतृत्व’ या विषयावर दोन दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. वक्ते उत्तम होते, फीडबॅक फॉर्ममध्ये सगळ्यांनी भरभरून लिहिलं, प्रत्येकाने आपापल्या विभागाचं व्हिजन स्टेटमेंट लिहून फ्रेमसुद्धा करून घेतलं. तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. आता एमडी साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ‘सिस्टिम्स थिंकिंग’ आणि ‘अ‍ॅडॅप्टिव्ह लीडरशिप’ हे शब्द ऐकलेत आणि यंदा त्यांना ‘तसलं काहीतरी’ हवंय. माझ्याकडे तीन प्रस्ताव आलेत. पहिला पाच दिवसांचा, खेळ आणि सिम्युलेशनवर आधारलेला. दुसऱ्यात व्यक्तिमत्त्व चाचणी आणि प्रत्येकाला एक कोच. तिसरा नऊ महिन्यांचा, रोजच्या कामातूनच शिकवणारा. पण शेवटी हाती काय लागेल ते त्यांनी नीट लिहिलेलंच नाही. म्हणतात, वाटेत ठरेल. साहेब विचारतात, निकाल काय दाखवणार? यातला कोणता निवडू?

ता. क. गेल्या शिबिरानंतर दोन मॅनेजरांनी खरोखर काही नवं मांडलं होतं. एकाची फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे. दुसरीने नोकरी सोडली.

उत्तर

नमस्कार,

प्रश्न तुम्ही पत्रात विचारलात आणि उत्तर ताज्या कलमात देऊन टाकलंत.

२८ पैकी दोघांनी शिबिरात शिकलेलं वापरून पाहिलं. बाकीच्या २६ जणांनी त्या दोघांचं पुढे काय झालं ते पाहिलं. तुमच्या कंपनीतलं नेतृत्वाचं खरं प्रशिक्षण तेव्हा झालं, आणि ते कमालीचं परिणामकारक ठरलं. नवं काही सुचवलं की फाइल अडकते किंवा माणूस बाहेर पडतो, हा धडा सगळ्यांनी एकदाच पाहून पाठ केला. त्याला फीडबॅक फॉर्म लागला नाही.

हा अनुभव फक्त तुमच्याच वाट्याला आलाय असं समजू नका. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने १९५३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीतल्या फोरमनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोरमनना माणसं नीट हाताळायला शिकवणारा कोर्स दिला होता. कोर्स संपताना त्यांचे विचार खरोखर बदललेले दिसले; माणसांची कदर करायला हवी असं ते म्हणू लागले. कारखान्यात परतल्यावर मात्र तो बदल टिकला नाही. फोरमन आपल्या हाताखालच्यांशी कसा वागतो, हे त्याने कोर्स केलाय की नाही यापेक्षा त्याचा स्वतःचा साहेब त्याच्याशी कसा वागतो यावर जास्त अवलंबून होतं. सत्तर वर्षं उलटली या गोष्टीला. तरी अजून शिबिरं फोरमनांचीच होतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून प्रस्ताव कोणता, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी तुमच्या साहेबांनी परिषदेतून आणलेले ते दोन शब्द बघू. ते शब्द चांगले आहेत. साहेबांना वाटतं त्यापेक्षा जास्त चांगले आहेत, आणि म्हणूनच थोडे गैरसोयीचेही.

सिस्टिम्स थिंकिंग म्हणजे सुटी घटना न पाहता तिच्यामागची सगळी व्यवस्था पाहणं. त्याची सुरुवात एका कारखान्याच्या तक्रारीतून झाली असं म्हणायला हरकत नाही. १९५०च्या दशकात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात ‘जे फॉरेस्टर’ नावाचे मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत विचित्र चढउतार होत होते. कधी तिन्ही पाळ्यांत काम पुरत नसे, तर काही वर्षांनी निम्म्या लोकांना घरी बसवावं लागे. व्यवस्थापन बाजारातल्या तेजीमंदीकडे बोट दाखवत होतं. फॉरेस्टरनी कागद-पेन्सिल घेतली आणि कंपनीचे स्वतःचे नियम मांडले: मागणी आली की भरती कशी करता, माल किती शिल्लक ठेवता, पुढची ऑर्डर कशी ठरवता. मग आठवड्यामागून आठवड्याचा हिशोब हाताने केला. बाहेरची मागणी स्थिर धरली, तरी चढउतार होतच राहिले. ते बाजारातून येत नव्हते, कंपनीच्याच निर्णयपद्धतीतून उगवत होते.

एमआयटीतल्या याच कामातून पुढे १९६०च्या सुमारास बिअर गेम आला. तुमच्या पहिल्या प्रस्तावातला खेळ बहुधा तोच असेल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात. प्रत्येकाने दर आठवड्याला मागच्याकडे ऑर्डर द्यायची, बोलायचं नाही. ऑर्डर पोचायला वेळ लागतो, माल यायला वेळ लागतो. ग्राहकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ पेट्या असते, मग एकदाच ८ होते आणि पुढे खेळ संपेपर्यंत ८च राहते. एवढाच बदल. पण टेबलावर हाहाकार माजतो. मालाची टंचाई दिसते, घाबरून दुप्पट-तिप्पट ऑर्डरी जातात, मग सगळा माल एकदम येऊन आदळतो आणि कारखाना आठवडेच्या आठवडे रिकामा बसतो. जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली अशा अनेक खेळांचा हिशोब मांडला. गटांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या दहापट आला होता. आणि खेळ संपल्यावर खेळाडूंना ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, तर ते डोंगरदऱ्या काढतात. आपण घातलेला गोंधळ त्यांना ग्राहकाने घातलेला वाटतो.

हा खेळ उत्तम आहे. पण कंपन्या त्याची करमणूक करून टाकतात. लोक हसतात, एकमेकांना टाळ्या देतात, ‘सप्लाय चेनमध्ये असंच होतं बरं का’ म्हणतात आणि जेवायला जातात. खेळानंतरचा प्रश्न विचारलाच जात नाही: आपल्याकडे असं कुठे होतं? कुठल्या टेबलावर उशीर होतो, त्या उशिरामुळे कोण घाबरतं आणि घाबरून काय करतं?

तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयारच आहे. ती अडकलेली फाइल घ्या. ती कोणाकडून निघाली, कोणाकडे किती दिवस थांबली, कोणी काय शेरा मारला, हे एका कागदावर मांडा. मग अशाच आणखी चार-पाच फायली. माझा अंदाज असा, आणि तो तुम्ही तपासून पाहा. साहेब बहुतेक मंजुऱ्या स्वतःकडे ठेवतात. त्यामुळे मॅनेजर पूर्ण विचार करून प्रस्ताव पाठवत नाहीत. कशाला, शेवटी साहेबच बदलणार. अर्धाकच्चा प्रस्ताव पाहून साहेबांची खात्री पटते की या लोकांना अजून समज आलेली नाही. मग ते आणखी चार मंजुऱ्या स्वतःकडे घेतात. टेबल भरतं, फायली अडकतात, मॅनेजर आणखी सावध होतात. फिरून फिरून तेच. यात कोणी खलनायक नाही. आपापल्या खुर्चीतून पाहिलं तर प्रत्येकाचं वागणं शहाणपणाचं आहे, आणि म्हणून तर ते बदलत नाही.

आता हे चक्र चालू असताना मॅनेजरांना दूरदृष्टी शिकवणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

दुसरा शब्द, अ‍ॅडॅप्टिव्ह लीडरशिप. हा हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधल्या रोनाल्ड हायफेट्झ यांच्यामुळे रूढ झाला. हायफेट्झ मूळचे मनोविकारतज्ज्ञ, शिवाय चेलो वाजवणारे. त्यांनी १९९४ पासून सातत्याने मांडलेला भेद साधा आहे. काही अडचणी तांत्रिक असतात: उत्तर माहीत असतं, जाणकार बोलावला की काम होतं. काही अडचणी मात्र अ‍ॅडॅप्टिव्ह असतात, त्यांत अडचण असलेल्या माणसांनाच बदलावं लागतं; सवयी, निष्ठा, कोण कोणाला विचारतं याची जुनी घडी. दुसऱ्या प्रकारच्या अडचणीवर पहिल्या प्रकारचा उपाय करणं ही त्यांच्या मते नेतृत्वातली सगळ्यात नेहमीची चूक. ‘आमचे मॅनेजर पुढचा विचार करत नाहीत’ ही तक्रार तुमच्या कंपनीने तांत्रिक धरली आणि जाणकार बोलावले.

हायफेट्झ यांची आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. लोक बदलाला विरोध करत नाहीत, बदलात जे गमवावं लागणार असतं त्याला विरोध करतात. म्हणून विचारायचं की यात कोण काय गमावणार. साहेब काय गमावतील ते उघड आहे: आपल्यावाचून पान हलत नाही ही भावना, आणि चूक होण्याआधीच पकडता येण्याचा भरवसा. पण मॅनेजरही काही गमावणार आहेत, हे सहसा कोणी बोलत नाही. ‘आम्ही सुचवलं होतं, वरून अडवलं’ हे वाक्य फार उबदार असतं. सही आपली झाली की ते वाक्य संपतं. अधिकार खाली आले की काही जण खुलतील, काही जण हळूच ते पुन्हा वर पाठवतील. ‘साहेब, तुम्ही एकदा नजर टाकलीत तर बरं होईल.’ कार्यक्रमात यासाठी जागा हवी. नसेल तर दोन महिन्यांत साहेब म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो?

फ्रेम केलेल्या व्हिजन स्टेटमेंटबद्दल फार लिहीत नाही. ती उतरवू नका, उगाच मनं दुखावतील. फक्त पुढच्या बैठकीत प्रत्येकाला एकच विचारा: या वाक्यामुळे गेल्या सहा महिन्यांत तुम्ही कोणत्या कामाला ‘नाही’ म्हणालात? ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांची नावं लिहून ठेवा. यादी छोटीच असेल.

आता प्रस्ताव.

दुसरा सोडा. कोचबद्दल माझी तक्रार नाही; चांगला कोच उपयोगी पडतो. पण या घडीला प्रत्येकाला वेगळा कोच देणं म्हणजे अडचण प्रत्येकाच्या आत आहे असं ठरवून टाकणं. आणि व्यक्तिमत्त्व चाचणी मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची, म्हणजे प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचा ‘प्रकार’ देणारी असेल, तर तिच्यावर फार विसंबू नका. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. लोकांना आपल्या चार अक्षरांबद्दल बोलायला आवडतं हे खरं, पण त्यासाठी एवढा खर्च कशाला?

पहिल्यातला खेळ एका दिवसापुरता घ्या. पाच दिवस नकोत. आणि तो खेळताना किरकोळ विक्रेत्याच्या जागी साहेबांना बसवा. हे गमतीने म्हणत नाही. साखळीच्या टोकाला बसून वरून माल येण्याची वाट पाहण्याचा अनुभव त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नसेल.

तिसरा निवडा, पण जसाच्या तसा नको. ‘वाटेत ठरेल’ हे त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण बदलत्या परिस्थितीत शिकायचं तर नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम आधीच छापून कसा चालेल? पण वाट कुठून सुरू होणार आणि वळायचं कधी हे कसं कळणार, एवढं तरी त्यांनी लिहून द्यायला हवं. २८ जणांना एकदम घेऊ नका. पाच-सहा जणांचे दोन गट पुरेत, वेगवेगळ्या विभागांतले. ही कल्पना जुनीच आहे. रेग रेव्हन्स यांनी १९४०च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगात ती राबवली. खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांच्या व्याख्यानांना बसवण्याऐवजी त्यांनी एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर एकमेकांना प्रश्न विचारायला लावले. सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे. ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या मॅनेजरांना पहिल्या दोन बैठकांत ते अजिबात जमणार नाही, तेव्हा घाबरू नका.

प्रत्येकाने एक खरी अडचण आणायची: आपल्या विभागातली, दुसऱ्या विभागाशिवाय न सुटणारी आणि ज्याचं उत्तर कोणालाच नक्की माहीत नाही अशी. दर दोन-तीन आठवड्यांनी भेटायचं. मधल्या काळात एक छोटा प्रयोग करून पाहायचा, फसला तर निस्तरता येईल एवढाच. पुढच्या भेटीत चार प्रश्न: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. अमेरिकी लष्करात सरावानंतर घेतात त्या आढाव्याचेच हे प्रश्न. तिथला एक नियम मात्र आपल्याकडे जड जातो: आढावा चालू असताना हुद्दा बाजूला ठेवायचा, आणि कनिष्ठाने वरिष्ठाच्या तोंडावर ‘तुमचा हुकूम उशिरा आला’ म्हणायचं. हे पहिल्यांदा साहेबांच्या बाबतीत घडलं आणि त्यांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं, तर उरलेल्या कार्यक्रमाची काळजी करायची गरज नाही.

यासोबत साहेबांकडून एक गोष्ट हवी, आणि ती पहिल्या दिवसाआधी हवी. कुठल्या तरी एका प्रकारचे निर्णय, ठरवलेल्या मर्यादेपर्यंत, नऊ महिने या गटांकडे. साहेबांनी माहिती विचारायची, पण फिरवायचे नाहीत. कोणता प्रकार आणि किती मर्यादा हे त्यांनीच ठरवू दे. मर्यादा लहान असली तरी चालेल. ती पाळली जाते का, हे महत्त्वाचं.

निकाल काय दाखवणार हा साहेबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. तुम्ही गेल्या वर्षी पहिली मोजलीत आणि ती झकास आली. यंदा तिसरीपासून सुरू करा. प्रस्ताव मांडल्यापासून हो किंवा नाही मिळेपर्यंत किती दिवस जातात? वर न पाठवता किती निर्णय झाले? वाईट बातमी साहेबांपर्यंत पोचायला किती वेळ लागला? हे आकडे आजच्या तारखेचे आत्ताच काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

एक धोका साहेबांना आधीच सांगून ठेवा. कार्यक्रम नीट चालला तर सुरुवातीला अडचणी वाढल्यासारख्या दिसतील. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या चमूंचं आपसात चांगलं जमत होतं तिथे चुकांची नोंद जास्त सापडली. त्यांच्या हातून जास्त चुका होत होत्या असं नव्हे. ते त्या लपवत नव्हते. तिसऱ्या महिन्यात तक्रारी वाढल्या म्हणून कोणी कार्यक्रम गुंडाळू नये.

राहिली सगळ्यात अवघड गोष्ट, साहेबांशी बोलणं. ‘अडचण तुम्ही आहात’ असं सांगायला जाऊ नका. ते खरंही नाही, ते त्या चक्रातला एक दुवा आहेत. फायलींच्या प्रवासाचा तो कागद समोर ठेवा आणि गप्प बसा. त्यांना स्वतःला बोलू द्या. बहुधा पहिलं वाक्य ‘पण हे प्रस्तावच कच्चे होते’ असं असेल. तेव्हा वाद न घालता विचारा, ‘कच्चे का येत असतील?’ या प्रश्नावर साहेब दहा मिनिटं थांबले, तर तुमच्या कंपनीत सिस्टिम्स थिंकिंग सुरू झालं. त्याआधी जमलं तर नोकरी सोडून गेलेल्या त्या मॅनेजरशी बोलून घ्या. जायचं तिने कधी ठरवलं आणि त्या दिवशी काय घडलं होतं, एवढंच विचारा. तिच्या परवानगीशिवाय नाव कुठे घेऊ नका.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि तरीही ‘अधिकार वगैरे नंतर बघू, आधी प्रशिक्षण होऊ दे’ म्हणाले, तर नऊ महिन्यांच्या वाटेला जाऊ नका. मग लोकांना उपयोगाचं एखादं कौशल्य शिकवा: बैठक चालवणं, आकडेवारी वाचणं, अवघड संभाषण कसं करायचं. दोन दिवस, आटोपशीर. कार्यक्रमपत्रिकेवर नेतृत्व हा शब्द मात्र छापू नका. एकदा आशा दाखवून दोन माणसं पोळली आहेत. दुसऱ्यांदा तसं झालं तर पुढच्या कुठल्याही कार्यक्रमाला लोक शरीराने येतील, मनाने नाही.

तिसऱ्या प्रस्तावाच्या संस्थेला मात्र आजच ईमेल करा, साहेबांना भेटायच्या आधी. दोन प्रश्न विचारा. मागच्या एखाद्या कार्यक्रमात तुम्ही ठरलेली दिशा मध्येच कधी बदललीत, आणि कशावरून? आणि नऊ महिन्यांत तुमचे लोक आमच्या एमडींसोबत किती तास बसणार? दुसऱ्याचं उत्तर ‘उद्घाटनाला आणि समारोपाला’ असं आलं, तर चौथा प्रस्ताव मागवा.